न्यूमाचं पातळ घड्याळ

न्यूमा, थोरलीचा आशीर्वाद. जिनिव्हात सुखरूप आहे. लेक पोटभर जेवू घालते, पण चीज अगदीच साबण. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या आज्यापासून ज्या कारखान्यासाठी आपण घड्याळं घडवली, त्याच्या साहेबांना तुझं दाखवलं. नाण्याइतकं पातळ, तरी तासाचे ठोके देतं, म्हटल्यावर त्यांनी कानाला लावलं. डोळे भरले मेल्याचे.

"मादाम, असं काम आता कोण करतं?"

"माझा भाऊ. त्याला परत कामावर घ्या."

"लोक आता बॅटरीचीच घेतात हो. हे आमच्या संग्रहालयात ठेवू."

"करणारा जिवंत आहे, त्याला भूक लागते," म्हटलं आणि काढून घेतलं.

बाकी कारखान्यांना कुलपंच आहेत. गुरुवारी येते. तोवर दुसरं घड्याळ करायला घेऊ नकोस.

तुझी एलिझ