तटाबाहेरची वस्ती

गोर्मलाताई,
देव तुझ्या गोठ्याला सांभाळो.

मी बरा आहे. मठात पोटभर लापशी मिळते, खोकलाही उतरलाय. आईचे गुडघे कसे आहेत?

तू दर शनिवारी वेशीवर कातड्यांची आणि लोण्याची जकात भरतेस, ती शहराच्या तटासाठी. सात वर्षं भरलीस. काल तटाची शेवटची बाजू आखली, आणि नदीकाठची आपली सगळी आयरिश वस्ती बाहेर राहिली. मी भर बाजारात त्या इंग्रज नगरप्रमुखाला अडवलं. "ज्यांच्या जकातीवर हे दगड चढले, त्यांनाच बाहेर ठेवता?"

तो हसला. "अहो फादर, मग आम्ही तट कुणाच्या भीतीनं बांधतोय असं वाटलं तुम्हाला?"

सगळा बाजार खिदळला. ताई, आपल्याच तोंडावर लावायचं दार आपण विकत घेतलं!

मठाधिपतींनी मला बाजारात बोलायला बंदी केली आहे. फार तर दुसऱ्या मठात धाडतील, काळजी करू नकोस. पण आता तू बोल. शेजारपाजारी सांग, शनिवारी कुणीही वेशीकडे फिरकायचं नाही. लोणी दलदलीत पुरून ठेवा, वर्षभर टिकेल. तटाच्या आत एकही गाय नाही. किती दिवस दगड चाटतात ते बघू.

तुझा भाऊ,
फियाख्रा