पाकीट नाकारू नकोस

प्रिय आईस, सप्रेम नमस्कार.

सैनिकाची बायको आणि सैनिकाची सासू, आपल्या दोघींना सगळं सर्वांत शेवटी कळतं!

मी मजेत आहे. खिडकी दुरुस्त झाली. तुझा गुडघा कसा आहे?

काल पलटणीतले कारकून आले. म्हणाले, "वहिनी, क्वार्टरच्या यादीसाठी सही करा." कागद कोरा होता. मी म्हटलं, "भाऊजी, आधी यादी दाखवा." पाणीही न पिता गेले. शेजारणीने अशीच सही दिली होती. त्या सहीवर घटस्फोटाच्या संमतीचा मजकूर चढला, आणि ती आता कोर्टात भांडते आहे.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. तुझ्या जावयाने सुट्टीत तुझा पूर्ण पत्ता का उतरवून घेतला? मी तर इथे राहते. म्हणजे त्याने घटस्फोटाचा अर्ज केला, तर माझा पत्ता म्हणून तुझाच देणार आणि कोर्टाची नोटीस तुझ्या दारात येणार. तू रागाने पाकीट नाकारशील, कोर्ट ते मिळालं असंच धरेल, आणि माझं न ऐकताच निकाल लागेल. देशासाठी लढणाऱ्याचा मान मी ठेवते. पण माझं तोंड बंद करायचा हक्क वर्दीला नाही.

पोस्टमन आला, की सही करून पाकीट घे आणि त्याच दिवशी मला फोन कर.

तुझी,
अजून कशावरही सही न केलेली लेक