गाव प्लेगपासून वाचवताना

२२ सप्टेंबर १९९४, गुरुवार
धुळ्याच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आजपासून ही वही. बीपी १७०/११०. डॉक्टर म्हणाले, लीलाधरभाऊ, राग आला की लिहून काढा, आणि दिवसाच्या शेवटी किती वेळा आला तो आकडा टाका. मी म्हटलं, आकडा टाकायला आधी राग यायला पाहिजे. वीस वर्षं पिठाची गिरणी चालवतोय, गिऱ्हाइकाशी कधी वाईट बोललो नाही. ओरडतो, पण ते पट्ट्याच्या आवाजात ऐकू जात नाही म्हणून.
डॉक्टर मानेनात. टेबलावर हात आपटून समजावलं तेव्हा मानले. काच तडकली. आधीच तडकलेली असावी.
राग: शून्य.

२३ सप्टेंबर, शुक्रवार
रेडिओवर बातमी. सुरतला प्लेग. लोक मिळेल त्या गाडीने पळतायत. आमचं स्टेशन त्याच लाइनवर, गावापासून दोन किलोमीटर. म्हणजे प्लेग पॅसेंजरने येणार, तोही विनातिकीट.
ट्रान्झिस्टर बंद केला. बटण फिरेना म्हणून भिंतीवर टाकला. आता बंद आहे.
संकल्प: १) घाबरायचं नाही. २) घाबरणाऱ्याला ठोकायचं.
दुपारी पोस्टातून बोलावणं. निंबाचा फोन. निंबा माझा धाकटा भाऊ, सुरतला लूमवर असतो. कारखाना बंद पडलाय, सुनंदाला आणि पोरीला घेऊन घरी येतो म्हणाला. पोरगी हेतल, अडीच वर्षांची. दशमीला नानांचं, आमच्या वडिलांचं, पित्तर आहे, त्यालाही हात लागेल, म्हणे. मी म्हटलं, येऊ नको. तो म्हणाला, भाऊ, आठे सुरतमा माणसं मरी ऱ्हायनात. मी म्हटलं, म्हणूनच. तरी ऐकेना, मग प्रेमाने सांगितलं की स्टेशनवर उतरलास तर तंगड्या तोडीन. धाकट्या भावाशी असंच बोलावं लागतं. पोस्टमास्तर टकामका बघत होता. त्यालाही दोन शब्द प्रेमाने सांगितले.
आई जेवली नाही. म्हणे, मना पोऱ्याले घर येवाले मना करस, तू कोन शे रे? शांतपणे तिचं ताट उचलून अंगणात ठेवलं. जरा लांबून ठेवलं.
राग: शून्य.

२४ सप्टेंबर, शनिवार
सकाळी गिरणीत उंदीर मोहीम. मशीनच्या जुन्या पट्ट्याने अकरा मारले. बारावा दळणाला आलेल्या भागाबाईच्या डब्यामागे गेला. डबा चेपला, भागाबाईचं कोपर सुजलं, उंदीर गेला. मोहीम म्हटली की थोडं नुकसान धरायचं.
आरोग्यसेवक गिरधर आला आणि शिकवायला लागला. उंदीर असे ठोकू नका, उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसावर उड्या मारतात. ताप आला तर मला कळवा, सुरतहून कोणी आलं तर दहा दिवस नजरेखाली ठेवू, औषध देऊ, आणि गावात घबराट करू नका. मी म्हटलं, पिसवाही ठोकू. सरकारी माणसाला हिंमत शिकवायला गेलं की तो सायकल काढून निघून जातो. गिरधरही गेला.
संध्याकाळी चावडीवर मीटिंग. प्लेग प्रतिबंधक कमिटी स्थापन. पोलीस पाटील अभिमन आबा, लोटन टेलर, गिरधर आणि मी. अध्यक्ष बिनविरोध मीच. मी उभा होतो आणि काठी माझ्याकडे होती, त्यामुळे दुसरं नाव आलं नाही. उद्यापासून स्टेशन रोडवर नाका. सुरतचं कुत्रंसुद्धा गावात शिरणार नाही.
राग: शून्य. उत्साहाचा आकडा डॉक्टरांनी मागितलेला नाही.

२५ सप्टेंबर, रविवार
नाक्याचा पहिला दिवस. दहाच्या पॅसेंजरने एक माणूस उतरला, डोक्यावर पत्र्याची पेटी. कुठून आलास? म्हणे, भुसावळकडून. भुसावळची गाडी सुरतच्या उलट्या दिशेने येते, आणि ही तीच होती, हे मला माहीत आहे. पण प्लेगवाला खरं कशाला सांगेल? पेटी उघड म्हटलं. तो म्हणाला, ही सरकारी आहे, तुमच्यासमोर उघडणार नाही. पेटीला लाथ घातली. त्याने माझी कॉलर धरली, मी त्याची मान धरली. दोघंही नाल्याच्या काठापर्यंत गेलो, पेटी पुढे गेली.
नाल्यात पडल्यावर पेटी उघडली. आत प्लेगवरच्या औषधाच्या, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल. गिरधरने मागवलेला गावाचा स्टॉक. गिरधर गुडघाभर पाण्यात उतरून पाकिटं वेचत होता आणि त्याच्या डोळ्यात पाणी होतं. आता ह्यात माझी चूक काय? कॅप्सूलवाल्याने आधीच सांगायचं. त्याच्या ओठाला दोन टाके पडले. चार पाकिटं मी अध्यक्ष ह्या नात्याने ताब्यात घेतली. रोज चार गोळ्या, प्रतिबंधक.
लगेच कमिटीची तातडीची सभा झाली. मला बोलावलं नव्हतं. अभिमन आबा हात जोडून आले. लीलाधर, तुझ्याशिवाय नाका चालणार नाही, तू दिवसरात्र तिथेच राहा, घराकडे फिरकायचीसुद्धा गरज नाही. शेवटी गावाला माणसाची पारख झाली. प्रमिलाने अंथरूण आधीच बांधून ठेवलं होतं. बायको असावी तर अशी.
राग: शून्य.

२६ सप्टेंबर, सोमवार
कडक चेकिंग. सुरतहून एकही माणूस नाही! रेडिओवर म्हणे हजारो पळाले. माझी कीर्ती तिथवर गेली असणार.
दुपारी लोटनची हिरव्या गवताची गाडी आली. ओळखीचा असला म्हणून काय झालं? गवतात काठी तीन वेळा खुपसली, पूर्ण जोराने. काही निघालं नाही. लोटनचा चेहरा पांढरा पडला, इतका दरारा. पुढे चाक चिखलात रुतलं, तेव्हा मीच खांदा लावून गाडी गावात ढकलली. कायद्यापुढे सगळे सारखे, पण शेजारधर्मही आहे.
मागून निंदणीच्या बायका. सगळ्यांनी पदर नाकापर्यंत ओढलेले. स्वच्छतेची जाणीव वाढते आहे. प्रमिलाच्या डोक्यावर अंबाडीच्या भाजीने भरलेली मोठी पाटी. एवढी भाजी कोण खाणार, विचारलं. म्हणे, पित्तरांना लागते. मान लटलटत होती बिचारीची. मी रस्ता मोकळा करून दिला.
राग: शून्य. सलग पाचवा दिवस.

२७ सप्टेंबर, मंगळवार
कॅप्सूलने पोटात आग. प्लेगचे जंतू मरताना जळजळ होणारच. नाक्यावर बसल्या बसल्या छातीत धडधड होते. समोरून माणूस येताना दिसला की हात आपोआप काठीवर जातो. याला भीती म्हणत नाहीत. तयारी म्हणतात.
लोटन शिंकला. त्याला थोबाडीत दिली. म्हणे, गवताची शिंक आहे. गवताची आहे हे शिंकण्याआधी सांगायचं.
घरून बातमी चांगली. आईचा राग गेला, ती आता हसते, गाणी गुणगुणते. माझ्या शांत वागण्याचा परिणाम. गिरधर रोज सकाळ-संध्याकाळ तिची तब्येत बघायला जातो, थर्मामीटर घेऊन. पीठ मात्र पुरत नाही. दोन बायकांना तीन दिवसांत पायलीभर ज्वारी? गिरणीवाला आहे मी, मला हिशेब शिकवू नका. पण पित्तरांचा पंधरवडा, कावळे-कुत्रे, सगळं आलं.
राग: शून्य.

२८ सप्टेंबर, बुधवार
दुपारी अचानक घरी गेलो, सदरा बदलायला. अंगणात पाऊल टाकलं आणि आवाज दिला, तर घर एकदम चिडीचूप. शिस्त!
मागच्या धान्याच्या कोठीला कुलूप. किल्ली मागितली तर प्रमिला म्हणाली, आत नानांच्या पित्तराचा तांदूळ, गहू, तूप ठेवलंय. उंदीर मारलेल्या हातांनी दशमीपर्यंत आत जायचं नाही. मुद्दा बरोबर होता. नाना असते तर हेच म्हणाले असते.
तेवढ्यात आतून धप्पकन आवाज. मग बारीक चूं. प्रमिला म्हणाली, उंदीर. आई म्हणाली, मोठा शे. मी हातोडी घेतली, ज्या हातोडीने जात्याला टाकी लावतो ती. तर आई कोठीच्या उंबऱ्यात पाय पसरून बसली. म्हणे, पहिले मना डोकामा घाल.
मी माघार घेतली. आईवर हात उगारला नाही. उगारलेला खाली घेतला. पण मनात म्हटलं, पित्तराच्या धान्यात उंदीर, आणि तोही प्लेगच्या दिवसांत! उद्या बघतो. येताना दुकानातून गंधक आणि पाव किलो लाल मिरच्या.
राग: शून्य. निश्चय होता तो.

२९ सप्टेंबर, गुरुवार. दशमी. सकाळी ८
बायका विहिरीवर गेल्या. कोठीला खिडकी नाही, वर एक झरोका आहे, त्यात ओलं गोणपाट कोंबलं. चुलीत आगारीसाठी निखारे फुललेलेच आहेत. पित्तरांचा घास त्यावर टाकायचा, त्याला अजून वेळ आहे. घमेल्यात भरून घेतो. गंधक, मिरच्या. दाराच्या फटीशी ठेवून सुपाने वारा घालायचा. दहा मिनिटांत काम खलास. नाना वरून बघतील, मोठ्या मुलाने घर कसं राखलं.

त्याच दिवशी. संध्याकाळी
उंदीर खोकत नाहीत. हे मला माहीत होतं. तरी मी सूप हलवत राहिलो. किती वेळ ते लिहीत नाही.
मग दारावर आतून थापा. निंबाचा आवाज. भाऊ, दार उघाड, पोर मरी जाई.
किल्ली प्रमिलाच्या कमरेला. हातोडीने कुलूप फोडलं. पहिला घाव अंगठ्यावर बसला. पाचव्याला कडी तुटली. निंबा बाहेर पडला तो पालथाच. सुनंदा मागून, हेतलला छातीशी धरून. पोरीचे ओठ निळे, मान लुळी.
तिला अंगणात कडुनिंबाच्या झाडाखाली आणून झोपवली. गिरधर पळत आला. तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली. ती रडेना. तेवढा वेळ अंगणात वीसेक माणसं पोरीकडे बघत होती. माझं तोंड मात्र चालू होतं, असं प्रमिला म्हणते. मी म्हणत होतो, मला सांगायला नको होतं का, मला सांगायला नको होतं का.
आईने फुंकणी घेतली आणि माझ्या डोक्यात घातली. तीन वेळा. मी अडवलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.
हेतल खोकली. मग रडली. डोळे चोळून इकडेतिकडे बघितलं आणि मी दिसलो. तिने रडणं तिथेच थांबवलं. स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबलं, सुनंदाच्या पदरात शिरली आणि हळूच म्हणाली, प्लेग उना.
कोणी हसलं नाही. सुनंदानेच सांगितलं, माझ्याकडे न बघता. सोमवारपासून पोर कोठीत. अंगणात माझा आवाज आला की प्लेग आला असं सांगून ही तिला गप्प करायची, गप, प्लेग उना. पोरगी लगेच गप्प व्हायची. दुसऱ्या कशाने व्हायची नाही.
निंबा लोटनच्या गवतात होता. बरगडीवर तीन काळेनिळे डाग आहेत. सुनंदा निंदणीच्या बायकांत. हेतल अंबाडीखाली, प्रमिलाच्या पाटीत.
नानांची आगारी निंबाने टाकली. निखारे शेजारून आणले. मी गिरधरकडे टाके घालून घेत होतो.
आज आकडा टाकत नाही.

३ ऑक्टोबर, सोमवार
डोक्याला चार टाके. पोट सुधारतंय. गिरधरचं रजिस्टर पाहिलं. सुरतहून गावात आलेली माणसं चौदा, आमची तिघं धरून. बाकीची नाल्याच्या वाटेने आली, कोणी लोटनकडे, कोणी अभिमन आबांकडे, रोज दोन वेळा ताप मोजला, सगळी ठणठणीत. प्लेगची केस एकही नाही. उपचार घेणारा गावात एकच पेशंट, नाव लीलाधर.
अभिमन आबांनी खरं ते सांगितलं, तेही हात जोडूनच. कमिटी प्लेगसाठी नव्हती, भाऊ. तुला रस्त्यावर गुंतवून ठेवायला होती.
मी गिरणीत झोपतो. कोणी सांगितलेलं नाही. प्रमिला भाकरी पाठवते.
गिरणी बंद करून हळू बोलायचा सराव केला. हेतल, मी तुझा मोठा काका. दहा-बारा वेळा म्हटलं. सुरुवातीला आवाज चढत होता, मग जमलं. धुतलेला सदरा घातला, पावशेर गोडीशेव घेतली आणि घरी गेलो.
लांबूनच घर ऐकू येत होतं. निंबा काहीतरी सांगत होता, आई हसत होती, पोरगी ताटली वाजवत होती. मी अंगणात पाऊल टाकलं. हाकसुद्धा मारली नव्हती. सगळं एकदम थांबलं. ताटलीसुद्धा.
जे म्हणायचं ठरवलं होतं ते म्हटलं नाही. पुडी ओट्यावर ठेवली आणि परत फिरलो.
कोपऱ्यापर्यंत आलो, तेव्हा घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.