पंचवीस घटका

१८ नोव्हेंबर १९६१, अकोला
दर्यापूरच्या मोटारीतून उतरलो आणि दुपारपर्यंत कापसाच्या जिनात नोकरीही लागली. चार वर्षांतली ही सहावी. टिकली तर टिकली. काम बसून आहे. अपघातांचं एक जुनं बुक आहे, त्यात मेलेला एकेक मजूर एकेका कार्डावर उतरवायचा. बुकात नाव नाही, नुसता बिल्ल्याचा नंबर. नाव हजेरीबुकातून शोधायचं. साल शके, वेळ घटकांत. मुनीम नत्थुजींनी रीत सांगितली: शकात अठ्ठ्याहत्तर मिळव, इंग्रजी साल निघते. एक घटका चोवीस मिनिटं, सूर्योदयापासून. अन् सूर्योदय बारमाही सहाचा धर, रोज सूर्य पाहात बसू नको, म्हणाले.
मलाही पितळी बिल्ला मिळाला, नंबर चौतीस. फाटकाशी पंचफुला म्हणून मजूरबाई भेटली. म्हणाली, पोरा, तुह्यापेक्षा बिल्लाच जड दिसून राहिला.

२२ नोव्हेंबर
काल रस्त्यावर अस्वलवाला आला होता. डोळे खिडकीबाहेर, टाक कार्डावर. आज पाहतो तर तीन कार्डांवर साल १९६१. शेवटच्या पानांवर जुन्या कारकुनानं इंग्रजी तारखाच लिहिल्या होत्या, १८८३च्या, आणि मी त्यांतही अठ्ठ्याहत्तर मिळवले. वर नावं काढली ती यंदाच्या हजेरीबुकातून. नत्थुजी म्हणाले, जिती माणसं मारली बेट्या तू, सवडीनं दुरुस्त कर.
एकवीस नंबर सूर्यभान: उद्याच, दहा घटका, म्हणजे सकाळी दहा, इंजिनाच्या पट्ट्यात. बारा नंबर पंचफुला: १ डिसेंबर. तिसरा मीच: १२ डिसेंबर, पंचवीस घटका, म्हणजे दुपारी चार, कापसाच्या गाठीखाली छाती फुटून. सूर्यभानला दाखवलं. म्हणाला, मंग उद्या सुट्टी घेतो, रोजी तू देजो.

२३ नोव्हेंबर
दहाला काही झालं नाही. सूर्यभान मला डोळा मारून कामाला लागला. दहा पस्तीसला इंजिनाच्या पट्ट्यानं त्याचं धोतर धरलं. वर नेलं. चाकाभोवती तीन फेरे. प्रत्येक फेऱ्याला डोकं तुळईवर आपटलं, तिसऱ्याला आवाज ओला आला. हात खांद्यातून निघून सरकीच्या ढिगावर पडला. बोटं हलत होती. मी पाहिली.

२४ नोव्हेंबर
उरलेल्या दोन्ही कार्डांवर, पंचफुलाच्या अन् माझ्या, साल खोडून १८८३ केलं. आता झालं ना बरोबर?

१ डिसेंबर
पंचफुलाला घरी जाऊन सांगितलं, आज येऊ नको. म्हणाली, तुह्या कागदापायी मी पोटाले चिमटा देऊ काय? तिचं कार्ड फाडून चुलीत टाकलं. वेळ बाराची होती. बारा गेले. ती कापूस टाकत होती, माझ्याकडे पाहून हसलीसुद्धा. बारा चाळीसला वेणी कापूस ओढणाऱ्या रुळात गेली. केसांबरोबर कातडं — भुवयांपर्यंत. ओरडत होती. मग नव्हती.

११ डिसेंबर
बिल्ला नत्थुजींच्या अंगावर फेकला. म्हणाले, बिल्ला देशील, पण हजेरीतलं नाव सीझन संपल्याबिगर निघत नाही. राहो. मी पळतो. पातूरला. जिन नाही तिथं थांबायचं, गाठ दिसली की उलट्या पावली —

१२ डिसेंबर, पातूर
चहाच्या टपरीत, सकाळपासून. मागं भिंत, समोर रस्ता. मालक खुशालराव, बडबड्या.
चार.
चार पाच. आणखी एक चहा सांगितला.
चार वीस. जिवंत. भजी मागवली. उद्या नांदगाव खंडेश्वर, पुढं पाय नेतील तिकडे.
चार पस्तीस. खुशालराव थंडीला शिव्या देऊन राहिले. म्हणतात, सूर्यच पावणेसातले निंगते, तवरक गिऱ्हाईक येत नाही. मी हसलो, म्हटलं हेही लिहून —
पावणेसात.
मी सहाचा धरला. सूर्यभान दहा पस्तीसला. पंचफुला बारा चाळीसला. उशीर दरवेळी — उशीर नव्हताच तो. पंचवीस घटका म्हणजे दहा तास. पावणेसात अन् दहा —
ट्रक आला. टपरीला लागून उभा. गाठी, वरपर्यंत. ड्रायव्हर दोर सोडून पुन्हा आवळून राहिला. खुशालरावांचं घड्याळ चार चव्वेचाळीस. मी भिंत अन् ट्रकच्या मधात. बाक मागं सरकत नाही. ओरडलो, दोर सोडू नको. त्याला वाटलं, सोड म्हणतो
वरची गाठ हल