कढीतलं तांबं

७ जानेवारी १९४४, शुक्रवार

एक हात पोळला, दुसरा गारठला — एकाच वेळी!

आज जुम्मा, मदरशाला सुट्टी. ह्यांनी अंगणात दोन वाडगे मांडले. एकात कळीचा चुना, दुसऱ्यात कल्हईवाल्याकडचा नवसागर. म्हणाले, "दोन्हींत पाणी घाल नि बाहेरून हात लावून बघ." चुना फसफसायला लागला, वाडग्याला बोट लावता येईना. नवसागराचा वाडगा मात्र रांजणातल्या पाण्याहून गार! मी विचारलं, ही थंडी आली कुठून? म्हणाले, "थंडी कुठून येत नसते. नवसागरानं विरघळताना पाण्यातली ऊब ओढून घेतली. चुन्यानं आपल्यातली देऊन टाकली. ऊब नवी होत न्हाई नि नाहीशी होत न्हाई. इकडची तिकडं, बस."

हे म्हणजे — नाव इथं लिहायला काय हरकत? — बसवंतराव. परभणीच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, सायन्स शिकवतात. हैदराबादेत सगळं उर्दूत शिकले, इथंही उर्दूतच शिकवावं लागतं. पोरं घडाघडा पाठ म्हणतात. "पण नागू, आत काही उतरत न्हाई," म्हणतात. म्हणून मराठी शब्द शोधायलेत. मला कळलं तर शब्द बरोबर, न कळला तर खोडायचा. लग्नाला चार वर्षं झाली, इतकं कुणी मला कधी काही विचारलं नव्हतं.

८ जानेवारी

पोळलेल्या बोटाला तूप लावलं. भाकरी वाकड्या झाल्या. ह्यांनी निमूट खाल्ल्या.

१२ जानेवारी, बुधवार

आजचा शब्द — तवाजुन. उर्दूतला. तीन दिवस अडलाय.

बुचाच्या बाटलीत अर्धं पाणी घालून उन्हात ठेवलं होतं. वरच्या काचेला थेंब धरले, पण पाणी काही कमी होईना. मी म्हटलं, आटायचं थांबलं. "थांबलं न्हाई! जितकं वर जायलंय तितकंच खाली यायलंय. म्हणून थांबल्यासारखं दिसतंय." मी म्हटलं, मग समतोल म्हणा. म्हणे, तराजूचा काटा एकदा स्थिर झाला की झाला, इथं तर आत सारखी धावपळ चाललीय. मग मला आपल्या गल्लीची विहीर आठवली. बाया येतात, बाया जातात, कधीही बघा, काठावर पाच-सहा असतातच. मी म्हटलं — "ये-जा बरोबर."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग वहीत लिहून घेतलं. माझा शब्द!

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

तिळगूळ राहिला बाजूला, आज निळा रंग बघितला!

जुना तांब्याचा पैसा मीठ-लिंबाच्या पाण्यात दोन दिवस पडला होता. पाणी जरासं हिरवट. मग ह्यांनी नवसागर नि चुना एकत्र कुटून चंबूत भरला, तोंड कणकेनं लिंपलं, कणकेत पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचला नि चंबू निखाऱ्यावर ठेवला. देठातून जी हवा आली! नाकाला मिरची झोंबावी तशी. देठाचं दुसरं टोक पैशाच्या पाण्यात. आधी नुसतं गढूळ झालं — आणि मग एकदम निवळून गर्द निळं! असा निळा मी पैठणीतसुद्धा पाहिला नाही.

"तांबं मधे. भोवती त्या हवेचे चार कण. चौघांनी त्याला धरलं की हा रंग. दुसऱ्या कशाला हा रंग यायचा म्हणजे लय मुश्किल." वर लिंबू पिळलं तर निळं गेलं! लिंबू त्या चौघांना ओढून नेतं म्हणे. परत हवा सोडली, परत निळं. इकडून ढकललं की तिकडं, तिकडून ढकललं की इकडं. म्हणजे हीसुद्धा ये-जाच!

डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारच्या सुमनबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "सणासुदीचं भांडलात की काय?" आम्ही दोघं हसत सुटलो.

२६ जानेवारी, बुधवार

हसू सगळं पळालं. माहेराहून, झरीहून, मुंजाजी गाडी घेऊन आला. अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, शेतावरचा जुना माणूस. गाडीतून उतरलासुद्धा नाही. "ताई, घरला चला. सोमवारी कढी खाल्ली नि सगळ्यायला ओकाऱ्या. अप्पा तर दोन दिस उठले न्हाईत. आता बरे हायेत, पर —" मी दटावलं तेव्हा म्हणाला, "तुमची आई म्हणायलीय, सुनंनं काहीतरी घातलं."

सिद्धम्मानं? माझ्या भावाची, शिवलिंगाची बायको, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून वाकून चालणारी!

ह्यांच्या मदरशात पोरांचा इम्तिहान, परीक्षा. येता येईना. म्हणाले, "जा तू. आधी नीट बघ, मग बोल."

२७ जानेवारी, गुरुवार. झरी

अप्पा पेज घ्यायलेत. जीव भांड्यात पडला. शिवलिंग ओसरीवर भिंतीला तोंड करून बसलेला. आई मात्र पेटलीय.

"तिघं आडवे झालो नागे, आन् ती धडधाकट! कढीला शिवली न्हाई. सोमवार हाय म्हणे!"

"सोमवार ती नेहमीच धरते की, आई."

"तू परभणीची. तुला काय ठाव? रविवारी मठातले स्वामी येणार हायेत. त्यांच्यासमोर व्हईल काय ते. गाडी जुंपून ठेवायला सांगितलीय, राणीसावरगावला धाडायची तिला."

माहेरी धाडलेल्या बाईचं काय होतं ते मला ठाऊक आहे. सिद्धम्मा गोठ्याच्या कडेला शेण थापत होती. मी जवळ गेले तर वर बघेना. नुसतं म्हणाली, "वन्सं, अप्पा जेवले का?" नि परत शेण थापायला लागली.

मग मी स्वयंपाकघरात गेले. कढी कोणत्या भांड्यात केली होती? आईनं पितळी पातेलं दाखवलं. घासून पालथं घातलेलं. उताणं केलं — कल्हई काठाशी आहे, बुडाला नाही! बुडाशी पिवळंधमक पितळ.

"आई, पितळाला आंबट लागून कढी कळकली असेल गं."

"कळकायला ती काय दोन दिस ठेवली व्हती? ताक आंबट व्हतं, पर कढी त्याच दिशीची. चाळीस वर्षं रांधायलेय मी, कळकलेलं मला कळत न्हाई व्हय?"

पण पितळात तांबं असतं. आणि तांबं कसं ओळखायचं ते मला येतं!

२८ जानेवारी, शुक्रवार

आंबट ताक गाळून वरचं पाणी घेतलं. अर्धं त्या पातेल्यात, अर्धं मातीच्या मडक्यात. दोन्हींवर झाकण, शेजारी शेजारी. आईला म्हटलं, हात लावायचा नाही. "खेळ मांडलाय पोरीनं," म्हणाली. पण हात लावला नाही.

नवसागर मिळाला, चुना घरात होताच. पपईचं झाड मठामागं आहे. दवाखान्यातल्या दोन रिकाम्या बाटल्या अप्पांच्या दुकानात होत्या. अप्पांनी विचारलं, काय करायलीस? सांगितलं. डोळे मिटून ऐकलं नि म्हणाले, "मी तुला अक्षरं शिकवली तेव्हा तुझी आई अशीच रागावली व्हती."

२९ जानेवारी

वाट बघते आहे. निळं नाही आलं तर? तर मीच तिला गाडीत बसवल्यासारखं होईल.

३० जानेवारी, रविवार

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी दोन्हींतलं पाणी वेगवेगळ्या मडक्यांत आटवून पाव हिश्शावर आणलं नि फडक्यातून गाळून बाटल्यांत भरलं. दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

दुपारी स्वामी आले. पाय धुऊन, विभूती लावून सगळे ओसरीवर बसले. सिद्धम्मा दाराआड. आईनं सगळं सांगितलं. स्वामींनी सिद्धम्माला विचारलं, "बाई, तुला काय सांगायचं हाय?" तिनं पदर तोंडात धरलेला. तेव्हा मी उठले. स्वामींपुढं आजवर मी मान वर केली नव्हती!

मी म्हणाले, "स्वामी, बोलणं माझं ऐकू नका. डोळ्यांनी बघा."

अंगणात निखारे तयार होतेच. नवसागर-चुन्याचा चंबू वर ठेवला. वास सुटला तसे सगळे नाकाला पदर नि उपरणी लावून मागं सरले. देठ आधी मडक्याच्या पाण्यात. बराच वेळ धरला. काही नाही. नुसतं पिवळट. मग पातेल्याच्या पाण्यात. काही नाही. अजून काही नाही! आई म्हणाली, "झालं का?" मी देठ तसाच धरून ठेवला. आधी आंबटाई फिटायला हवी, असं ह्यांनी संक्रांतीला सांगितलं होतं. मी मनात मोजत होते. ऐंशीवर आले असेन — आणि बाटलीच्या वरच्या अंगाला निळी रेघ उतरली. हलवली. सगळी बाटली निळी!

पैशाच्या पाण्याइतकी गर्द नव्हती, पण निळीच होती. आंधळ्यालाही दिसावी अशी.

स्वामी पुढं सरकले. "रंग टाकला असशील पोरी." मी त्यांच्याच हातात लिंबू दिलं. पिळलं त्यांनी. निळं गेलं. परत हवा सोडली. परत निळं. स्वामी लहान पोरासारखे हसले! म्हणाले, "आणिक एकदा कर."

मी सांगितलं — हे तांबं, पातेल्याच्या बुडातलं. मडक्यात तांबं नाही म्हणून तिथं रंग नाही. ताक तेच, ठेवणारी मीच. दोष भांड्याचा आहे. माणसाचा नाही. हे मी शपथेवर सांगते, म्हटलं नि गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला.

स्वामींनी आईकडे बघितलं. "चन्नबसम्मा, कल्हई कधी केली व्हती?" आईला आठवेना. मग ती उठली, दाराआड गेली, नि सिद्धम्माला हाताला धरून बाहेर आणलं. "चल. भाकरी टाकायच्या हायेत," एवढंच म्हणाली. पण हात सोडला नाही.

सिद्धम्मा मात्र जी रडली! शिवलिंगानं जुंपलेल्या गाडीची बैलं सोडली.

३१ जानेवारी

कल्हईवाला सकाळपासून दारात. गावातली निम्मी भांडी आमच्या अंगणात! आई सगळ्या बायांना बाटली दाखवायलीय. जणू तिनंच निळी केली.

४ फेब्रुवारी, शुक्रवार. परभणी

ह्यांना तिखटमीठ न लावता सांगितलं. "मडकं शेजारी ठेवायचं तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, कुणी नाही. दोन भाकरी एका तव्यावर टाकल्या नि एकच करपली, तर दोष तव्याला देता येत नाही — तसं काहीतरी मनात आलं. हे खुर्चीवरून उठले, फेऱ्या घालायला लागले. म्हणाले, "माझ्या सनदा खुंटीला टांग. हे मला हैदराबादेत तिसऱ्या वर्षी समजलं."

खूप बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

५ फेब्रुवारी

एका बाबतीत मात्र डोकं खाजवायलेत. "दोन दिवस ठेवून, आटवून एवढं निळं. आणि कढी तर त्याच दिवसाची." मग स्वतःच म्हणाले, उकळली होती ना, आंबटही होती. मी म्हटलं, जेवण निवायलंय.

२० फेब्रुवारी, रविवार

ह्यांनी मराठीतली वही अर्धी केली. 'ये-जा बरोबर' पान अकरावर. चौघांच्या धरण्याला शब्द अजून मिळालेला नाही. मी 'कडं' म्हटलं, हे 'वेढा' म्हणाले, मग एकमेकांकडे बघून दोन्ही खोडले. पेरू छान निघालेत. अप्पा दुकानात बसायला लागले, असा झरीचा निरोप. दिवस सुखात चाललेत.

३ मार्च, शुक्रवार

शिवलिंग नि सिद्धम्मा बाजाराला आले होते. हे नि शिवलिंग बाहेर पडल्यावर ती माझ्याजवळ सरकून बसली. म्हणाली, "वन्सं, तुमचे भाऊ शिंदी प्यायचे. घरात कुणाला ठाव नव्हतं. लिंगायताचं घर, कुणाला सांगू? वैदू म्हणाला, चिमूटभर मोरचूद ताकातून दे, शिंदीचा वीट येईल. त्यांच्यापुरतं लोट्यात वेगळं ताक ठेवलं व्हतं. आत्याबाईनं, तुमच्या आईनं, साधं ताक समजून ते कढीत ओतलं. मी बघेपर्यंत पानं वाढली व्हती."

मोरचूद. म्हणजे तांबंच की.

मी लिंगाला हात लावून सांगितलं होतं.

मग मी विचारलं, "आता पितो?"

"न्हाई. वाससुदिक सहन व्हत न्हाई म्हणतेत."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी उठले, चुलीवर चहाचं आधण ठेवलं. दोघींपुरतं.

ह्यांना सांगितलेलं नाही.