क्लच जड झालाय

४ जून
ट्रेनिंगच्या गाडीचा क्लच जड झालाय. संध्याकाळपर्यंत डाव्या पायाचं लाकूड होतं. ड्रायव्हिंग शिकवण्यात आयुष्य गेलं, पाय थकणारच. उद्यापासून सकाळी चालायला जाणे. नक्की.

११ जून
गेलो नाही. बूट चावतात. बायको म्हणते, पाय ओढत चालता. म्हटलं, माझी चालच तशी आहे. म्हणे, तुमची चाल मला माहीत नाही होय?

२ जुलै
मेकॅनिकला झापलं. म्हणतो, क्लच लोण्यासारखा आहे. अडाणी! पेडलवर पाय ठेवला की टाच आपोआप थडथडते. इंजिनाची धडधड असणार.
इंजिन बंद होतं.

१९ जुलै
बँकेतल्या बाई शिकत होत्या. समोर अचानक एक आजोबा. माझ्याकडचा ब्रेक दाबला. म्हणजे दाबायचं ठरवलं. आज उजव्या पायानेही दगा दिला. गाडी बाईंनीच थांबवली. सर, तुम्ही ब्रेक का नाही दाबलात, म्हणाल्या. म्हटलं, तुमची परीक्षा घेत होतो.
घरी येऊन बराच वेळ बाथरूममध्ये बसलो. नळ सोडून.

२३ जुलै
बायकोने मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गुडघ्यावर हातोडी मारताच पाय असा उडाला की त्यांचं स्टूल पडलं! या वयात! ऐटीत बायकोकडे बघितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

९ ऑगस्ट
रिपोर्ट आले. मेंदूच्या बाहेरच्या थरात काही मोठ्या पेशी असतात. हालचालीचे हुकूम त्या लांब धाग्यांवरून खाली मणक्यापर्यंत पाठवतात. माझ्या त्याच पेशी मरत चालल्यात. बायकोने विचारलं, पुढे काय? हात, बोलणं, गिळणं, असं काहीतरी डॉक्टरीणबाई सांगत होत्या. मी पंख्याकडे बघत होतो. औषधाने आजाराचा वेग थोडा कमी होतो, आजार थांबत नाही.
म्हणजे कमी होतो! ठरलं. रोज व्यायाम, टेन्शन बंद, डिसेंबरपासून नवी बॅच.

३० ऑगस्ट
बागेपर्यंत एकटा जातो म्हटलं. बायको मागोमाग आलीच. रस्त्याच्या मधोमध पाय चिकटले. उचल, म्हटलं. मनातल्या मनात ओरडलो. ढिम्म. सिग्नल बदलला, हॉर्न सुरू झाले. मी रुबाबात हात वर करून गाड्या थांबवल्या. तेवढ्यात ती खाली वाकली, दोन्ही हातांनी माझा पाय उचलून पुढे ठेवला. मग दुसरा. असं करत फुटपाथ गाठला.
घाबरू नका, म्हणाली. कोण घाबरलंय, म्हटलं.
घरी आल्यावरही तिचा हात सोडला नाही, म्हणून आज लिहायला उशीर झाला.