फक्कीचे बाण

आप्पा,

पाचला निघतेय. आजच्या पलूसच्या सायकल राइडसाठी रस्त्यावर पांढऱ्या फक्कीचे बाण मी मारणार आहे. फक्कीची पिशवी आणि तुमच्या सायकलची किल्ली माझ्याकडे आहे, शोधत बसू नका. उपमा झाकून ठेवलाय, खाल्ल्यावर गोळी घ्या. बनुकाकी आठला येऊन बसतील.

रागावू नका. आठवत नसेल म्हणून लिहिते. गेल्या रविवारी बाण तुम्ही मारले होते, आणि पलूसला निघालेले बासष्ट जण मलकापुरात आपल्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यातला कृष्णात ओरडला, "आप्पा, लय भारी! पलूस ऱ्हाऊ द्या, च्या तरी पाजा!" सगळे हसले, तुम्हीही हसलात. ते गेल्यावर मला हळूच म्हणालात, "परत येताना घर सापडंना गं, म्हणून घराकडं बाण मारत आलो."

अकरा वर्षं तुमच्या बाणांवर एकही माणूस चुकला नव्हता. तुम्ही काय म्हणालात ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पोस्टरवर 'मार्ग आखणी : आप्पा' तसंच आहे. उद्या दहाला सांगलीत डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी रजा टाकलीय.

आजचे लोक पुन्हा आपल्या घराकडे वळू नयेत म्हणून नाक्यावरचा बाण काल पुसला. पण डेअरीपासून आपल्या दारापर्यंतचे पुसले नाहीत. ते पुसट झाले होते, त्यांच्यावर नवी फक्की टाकलीय. बाहेर पडलात तर तेच धरून या. ते बरोबर आहेत.

राजी